लिव्हरची गाठ वेळेत कशी सापडते? एका साध्या स्कॅनने का भागत नाही?

भंडारा : लिव्हरमध्ये गाठ झाली तरी सुरुवातीला दुखत नाही. कावीळ, पोटात पाणी, वजन घटणं सुरू होईपर्यंत गाठ बरेचदा मोठी झालेली असते. म्हणून त्रास नसतानाच तपासणी हवी.

कोणी करावी? लिव्हर सिरोसिस असलेल्यांनी आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांपैकी डॉक्टर सांगतील त्यांनी दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करावी. उपाशीपोटी जावं, गॅस असला की चित्र नीट दिसत नाही.

गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. रक्तवाहिन्यांची साधी गाठही असते. फरक कळतो तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनमध्ये. लिव्हरला सुमारे 75 टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं, उरलेलं धमनीतून. लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कॅन्सरची गाठ मात्र मुख्यतः धमनीचं रक्त ओढते. त्यामुळे हाताच्या शिरेतून औषध सोडल्यावर ती आधी चमकते, नंतर आजूबाजूच्या भागापेक्षा काळपट दिसते. एकाच टप्प्याचा स्कॅन केला तर ही खूण निसटू शकते.

तुमसर, पवनी, लाखांदूरहून नागपूरला स्कॅनसाठी जाणाऱ्यांनी ‘ट्रायफेजिक’ सीटी करायचा आहे का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं. नाहीतर दुसरी चक्कर पडते. किडनीचा त्रास किंवा ॲलर्जी असेल तर सांगावी. जुने रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्याव्यात.

हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, उपचार 2018 च्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. बाळाला जन्मानंतर 24 तासांत हिपॅटायटिस बीची लस द्यायला विसरू नका.