फ्रिजचा पत्रा आधी रंगवतात आणि मग वाकवतात! तरी रंग उडत का नाही?

कसारा लोकलने निघालात की खडवलीनंतर वासिंद येतं. पुढचं आसनगाव माहुली गडावर जाणाऱ्यांना पाठ असतं. वासिंदची ओळख मात्र वेगळी, ती म्हणजे जिंदालचा कारखाना. शहापूर तालुक्यातल्या या गावात जिंदाल समूहाने १९८२ मध्ये पाय रोवले. आज तो कारखाना जेएसडब्ल्यू नावाने चालतो आणि तिथे जस्ताचा मुलामा व रंगाचा लेप दिलेला पोलादी पत्रा तयार होतो.

मुरबाड एमआयडीसीकडे गेलात तर शेडवर निळी-हिरवी छपरं दिसतात. ती याच जातीच्या पत्र्याची. फ्रिज आणि वॉशिंग मशीनची बॉडीही याच कुळातली, फक्त रंग अधिक गुळगुळीत आणि नखरे जास्त. २०२३ मध्ये आयफोनला टायटॅनियमची चौकट आली तेव्हा जगभर चर्चा झाली. फ्रिजच्या पत्र्याचं कौतुक कोणी करत नाही, पण काम तोही काही कमी अवघड करत नाही.

आपल्याला वाटतं, आधी डबा तयार होत असेल आणि मग त्यावर रंगाचा फवारा मारत असतील. पूर्वी बहुतेक ठिकाणी तसंच व्हायचं, अजूनही होतं. पण रंगीत कॉइलच्या बाबतीत क्रम उलटा असतो. पत्र्याची प्रचंड गुंडाळी उलगडत जाते आणि साधारण ४६० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडून वर येते. मग रसायनाने तिचा पृष्ठभाग तयार करतात, रोलरने प्रायमर आणि त्यावर रंग लावतात. प्रत्येक थर भट्टीत भाजला जातो. पत्रा २००-२५० अंशांपर्यंत तापतो आणि रंग मिनिटाच्या आत पक्का होतो. शेवटी पत्रा पुन्हा गुंडाळला जातो. रंगाचे हे थर मिळून साधारण २० ते २५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी!

हा रंगवलेला पत्रा उपकरणांच्या कारखान्यात कापला जातो, दाबला जातो, काटकोनात वाकवला जातो. साधा ऑइलपेंट असता तर कोपऱ्यावर तडकून पोपडे निघाले असते. म्हणून इथे लवचीक पॉलिस्टर रंग वापरतात. जस्तातही एक युक्ती असते. लोखंड आणि जस्त एकत्र आले की मध्ये ठिसूळ मिश्रधातूचा थर जमतो. जस्तात ०.२ टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम मिसळलं की तो थर वाढत नाही. चिमूटभर मीठ भाजीला जे करतं तेच! तपासणीही साधी असते. पत्र्याची पट्टी दुमडायची, घडीवर चिकटपट्टी लावून ओढायची आणि रंग निघतो का ते बघायचं.

भातसा आणि तानसा भरणारा पाऊस याच भागात पडतो. इथल्या दमट हवेत नुसतं लोखंड किती टिकतं ते खिडकीच्या गजाला विचारा. जस्त मात्र स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. त्यामुळे बारीक ओरखडा आला की लगेच गंज धरत नाही. ओरखड्यात पांढरी भुकटी दिसली तर जस्त काम करतंय असं समजा. तांबूस डाग दिसला तर जस्त संपलं. तो डाग घासून, कोरडा करून टच-अप पेंट लावलेला बरा. तारेच्या घासणीने मात्र घासू नका. तिचे लोखंडी कण पत्र्यावर चिकटतात आणि तेच गंजतात.

जस्ताचा खरा वैरी अनेकांच्या बाथरूममध्ये असतो, तो म्हणजे फरशी धुण्याचं अ‍ॅसिड. त्याची वाफ जस्त खाते. मशीन बाथरूममध्येच असेल तर ते अ‍ॅसिड वापरणं टाळलेलंच चांगलं. मशीनचे पायही पाण्यात नकोत, कारण कापलेल्या कडांवर रंग नसतो आणि गंज बहुतेकदा तिथूनच सुरू होतो.

आता फ्रिजच्या कुशीवर हात ठेवून बघा. कोमट लागते ना? पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याला ताठपणा येतो तो आत भरलेल्या पॉलियुरेथेन फोममुळे. अनेक फ्रिजमध्ये आतली उष्णता बाहेर टाकणारी नळी याच पत्र्याला आतून चिकटवलेली असते, म्हणजे बॉडीच रेडिएटर असते. म्हणून फ्रिज भिंतीला टेकवू नये. आणि किल्ल्यांचा हुक लावायला त्या कुशीत ड्रिल तर अजिबात मारू नये. आज बऱ्याच फ्रिजमध्ये आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए हा वायू असतो आणि तो पेट घेतो. हुकच हवा असेल तर लोहचुंबकाचा घ्या, पत्रा लोखंडी असल्याने तो घट्ट बसतो.