आधी जोतिबा, मग पन्हाळा : गटाची एक दिवसाची सहल

जोतिबाच्या नावानं चांगभलं!

बाईला घरातून बाहेर पडायचं तर कारण लागतं. माहेर, दवाखाना, लग्नकार्य, नाहीतर देव. देवाला जाते म्हटलं की कुणी अडवत नाही. पण नुसतं बघायला जाते म्हटलं, की घरचे विचारतात, "तिथं काय बघायचंय?" म्हणून आमच्या गटानं देव आणि बघणं एका दिवसात बसवलं. सकाळी जोतिबा, दुपारी पन्हाळा. तुमच्या गटाला बेत करता यावा म्हणून आज त्याबद्दल सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो, ते आधी सांगून टाकतो. रविवारी गेलो. रविवार हा जोतिबाचा वार, त्यामुळे रांगेतच दुपार झाली. पन्हाळ्यावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता, एक बुरूज बघून माघारी. शिवाय वाटेत लघवीला कुठं जायचं या काळजीनं निम्म्या बायका सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. त्यातल्या एकीला उन्हात चक्कर आली. तेव्हापासून आमचा नेम असा : दोघीजणी आठवडाभर आधी जाऊन स्वच्छतागृह कुठं आहे, उघडं असतं का, हे बघून येतात आणि मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगतात. बाकी बेत त्यानंतर.

दिवस मधल्या वाराचा धरा. चैत्र पौर्णिमेच्या आसपास नको. तेव्हा सासनकाठ्या नाचतात, डोंगर गुलालानं लाल होतो, तो सोहळा वेगळाच. पण त्या गर्दीत म्हाताऱ्या बायकांना घेऊन फिरणं होत नाही. भर पावसात पन्हाळ्यावर धुकं इतकं असतं की समोरची बाई दिसत नाही. आम्हाला सोयीचा काळ म्हणजे भांगलण संपलेली आणि भात कापणीला यायचं असतं तेव्हाचा. हिरवंगार असतं आणि हाताला थोडी सवड असते.

कोल्हापुरातून रत्नागिरी रोडनं केर्लीपर्यंत यायचं, तिथून जोतिबाचा फाटा. सगळं मिळून साधारण १८ किलोमीटर. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत. म्हाताऱ्यांनी आधार कार्ड पदराला बांधूनच निघावं. वडापला यातलं काही नाही.

जोतिबाच्या गावाचं खरं नाव वाडी रत्नागिरी. हे आमच्यातल्या कितीतरी जणींना ठाऊक नव्हतं, जन्मभर त्या 'डोंगर' म्हणत आल्या. मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ साली बांधलं. दर्शन झालं की लगेच नारळाच्या दुकानाकडं पळू नका. दीपमाळांजवळ थोडं बसा आणि मग यमाईच्या देवळाकडं चालत जा. चैत्रात पालखी जाते ती इथंच. डोंगराच्या एका अंगाला वारणेचं खोरं, दुसऱ्या अंगाला कासारी-पंचगंगेचं. साडी मात्र जुनी नेसा, गुलाल धुऊन जात नाही.

जोतिबावरून पन्हाळ्याला डोंगरातूनच रस्ता आहे, परत कोल्हापूरला उतरावं लागत नाही. पन्हाळा शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळातला. सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू, हे सगळं आपण शाळेत ऐकलेलं आहे. पुतळे वाटेतच लागतात, तिथं हात जोडून पुढं व्हायचं.

आमच्या बायका खऱ्या अर्थानं थांबतात त्या अंबरखान्यात. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्याची कोठारं. त्यातलं गंगा कोठार सगळ्यांत मोठं, त्यात २५ हजार खंडी धान्य मावे असं सांगतात. एक खंडी म्हणजे २० मण. घरची कणगी भरताना जीव मेटाकुटीला येतो, त्या बायकांनी हा हिशेब तिथंच बोटांवर मांडला. बाहेरून जिना वर छतावर जातो. छताला झरोके ठेवलेत, धान्य वरून त्यातून आत ओतायचं. जाड भिंतीमुळं आत भर उन्हातही गारवा. एक आजी भिंतीला हात लावून म्हणाल्या, "कीड लागू नये म्हणून काय घालत असतील गं?" यावर अर्धा तास चर्चा झाली, कडुलिंबाचा पाला की राख. चार महिने वेढा पडलेला असताना गडावरच्या माणसांना कोण काय शिजवून घालत होतं, हे पुस्तकात नसतं. ते आमच्या बायकांना तिथं सुचलं.

मग तीन दरवाजाजवळची अंधारबाव. तळाला पाणी, वर पहारेकऱ्यांची जागा आणि मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघायला वाट. पायऱ्या अंधाऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघावं. ताराराणींचा वाडाही चुकवू नका, करवीरचा कारभार आधी इथूनच चालायचा. आणि शेवटी सज्जाकोठी. संभाजीराजांचं वास्तव्य इथं होतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात पन्हाळाही आहे. आता लांबून लांबून लोक येतील. आणि आमच्या गटातल्या एक मावशी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा वर आल्या. लग्न होऊन आल्यापासून रोज रानातून त्यांना हा गड दिसतो. पुसाटी बुरुजाकडं जायला सगळ्या निघाल्या, तरी त्या सज्जाकोठीच्या खिडकीतच. खालच्या उसाच्या पट्ट्यांत आपलं शेत शोधत होत्या.

पैशाचं एक राहिलं. गटाच्या बचतीला सहलीसाठी हात लावू नका. आम्ही वेगळी वही केली आहे, दर मीटिंगला प्रत्येकीचे वीस रुपये. ज्या महिन्यात एखादीला जमत नाही, तिचे पुढच्या महिन्यात घेतो, पण तिचं नाव वहीतून काढत नाही. भाकरी-खर्डा घरूनच नेतो. गडावर बायका झुणका-भाकर विकतात, त्यांच्याकडं दही आणि कांदा घेतो, म्हणजे त्यांचाही धंदा होतो आणि बसायला सावली मिळते. यंदा मावशींच्या दोन्ही सुनांचीही नावं वहीत आली आहेत.