पिकअपसाठी सबवूफरचा बॉक्स: आधी लिटर मोजा, मग लाकूड कापा

सबवूफर घेताना सगळे वॉट विचारतात, लिटर कुणीच विचारत नाही. पण बास चांगला येणार की नुसता गडगडाट होणार, हे बऱ्याच अंशी बॉक्सच्या आतल्या हवेवर ठरतं.

माझा मावसभाऊ सोलर पंप बसवायची कामं घेतो. त्याच्या डबल कॅबिन पिकअपमध्ये मागे तीन-चार कामगार बसतात आणि हौद्यात पॅनल, पाइप, अवजारं असतात. त्याची मागणी साधी होती, “डिझेल इंजिनाच्या घरघरीत गाणं ऐकू आलं पाहिजे, पण बसायची जागा जाता कामा नये.” तयार बॉक्स मागच्या सीटमागे मावत नव्हता, म्हणून आम्ही स्वतःच बनवायचं ठरवलं.

सबवूफरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा विरळ होते. बॉक्स नसेल तर पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागे जाते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. बंद बॉक्स हे थांबवतो. शिवाय आत अडकलेली हवा स्प्रिंगसारखं काम करते. बॉक्स जितका लहान, तितकी ही स्प्रिंग कडक.

स्प्रिंग किती कडक हवी, याचं गणित नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांनी मांडलं. थील यांचा मूळ निबंध 1961 चा आहे, तर स्मॉल यांचं काम 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचं. सबवूफरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे तीन आकडे असतात, ते याच गणितातले. आमच्या 10 इंची, कमी खोलीच्या सबवूफरचे आकडे होते 32 हर्ट्झ, 0.45 आणि 25 लिटर.

बंद बॉक्समध्ये बसवल्यावर क्यू साधारण 0.707 आला, तर आवाज सपाट राहतो, उगीच फुगत नाही. म्हणून 0.707 ला 0.45 ने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि त्यातून 1 वजा करा. 1.47 येतात. आता 25 ला 1.47 ने भागलं की 17 लिटर. बस्स, एवढंच. समजा जागा 12 लिटरचीच असती, तर क्यू 0.79 झाला असता. तेही चाललं असतं, बास फक्त जरा ठोकल्यासारखा लागतो.

पोर्टेड बॉक्स जास्त वाजतो हे खरं. पण 30 लिटरचा बॉक्स 35 हर्ट्झला लावायचा, तर साडेसात सेंटीमीटर व्यासाचा पाइप सुमारे 30 सेंटीमीटर लांब लागतो. सीटमागे तो कुठे घालणार? आणि लहान कॅबिनमध्ये त्याची गरजही कमी असते. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, ती कॅबिनमध्ये मावतच नाही. त्यामुळे सबवूफर अख्ख्या कॅबिनमधली हवा दाबतो-सोडतो आणि खालचे सूर आपोआप उचलले जातात. बंद बॉक्समध्ये जे कमी पडतं, त्यातलं बरंचसं असं भरून निघतं.

सीटची पाठ मागे कललेली असते, त्यामुळे मागची जागा वर अरुंद आणि खाली रुंद. आमची आतली मापं: लांबी 60 सेंटीमीटर, उंची 30, खोली वर 7 आणि खाली 14. सरासरी खोली 10.5 धरून गुणाकार केला की 18.9 लिटर. त्यातून सबवूफरचा मागचा भाग आणि आधाराच्या पट्ट्या वजा केल्या की 17 च्या आसपास. चुंबकाच्या मागे किमान दोन सेंटीमीटर मोकळे आहेत ना, ते कापण्याआधी तपासा.

एमडीएफ स्वस्त पडतं, पण पाणी लागलं की फुगतं. ही गाडी पावसाळ्यात शेताच्या बांधावर उभी असते, म्हणून 18 मिलिमीटरचा आयएस 710 मरीन प्लाय घेतला. सांध्यांना फेव्हिकॉल आणि स्क्रू, आतून सीलंट. पडदा बोटांनी हलकेच दाबून सोडा. तो सावकाश परतला तर बॉक्स हवाबंद, पटकन परतला तर कुठेतरी गळती आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॉक्स, सबवूफर मिळून 13 किलो, आणि हे ओझं माणसांच्या पाठीमागे. धडकेत गुरुत्वाकर्षणाच्या 20 पट झटका धरला, तर तेच 260 किलोच्या जोराने पुढे येतं. वेल्क्रो किंवा स्क्रूच्या भरवशावर राहू नका. पत्र्याच्या खालून जाड वॉशर लावून नट-बोल्टनेच आवळा. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून ब्रेकची नळी, डिझेलची टाकी आणि वायरिंग कुठून जातं ते बघा. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. सीटची पाठ पूर्वीसारखी लॉक झालीच पाहिजे. भाऊ म्हणाला, “दादा, एवढं कशाला?” मी म्हटलं, मागे तू बसत नाहीस, पोरं बसतात.

ॲम्प्लिफायर 300 वॉटचा आहे. 80 टक्के कार्यक्षमता धरली तर 375 वॉट, म्हणजे 13.8 व्होल्टला 27 अँपिअर. आम्ही पूर्ण तांब्याची 8 गेजची वायर ओढली आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दीड फुटाच्या आत 40 अँपिअरचा फ्यूज लावला. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, ॲम्प्लिफायरसाठी नाही. ॲम्प्लिफायरजवळ लावलेला फ्यूज मधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर काहीच करत नाही, आणि मग आग लागते.

लो-पास 80 हर्ट्झवर ठेवलाय. गेन इतकाच वाढवलाय, की मागून हॉर्न वाजला तर ड्रायव्हरला तो ऐकू येतो.