इंग्रजीतील दिनांक व वेळ यांचे लेखन : शुद्धता आणि असंदिग्धता

प्रस्तावना :

इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनात काळ, प्रयोग आणि वाक्यरूपांतर यांना जेवढे स्थान मिळते, त्याच्या दशांशानेही दिनांक व वेळ यांच्या लेखनास मिळत नाही. तथापि सभेची सूचना, इतिवृत्त, अनुभवाचा दाखला, परिषदेचे निमंत्रण असे जे इंग्रजी महाविद्यालयीन शिक्षकाच्या हातून नित्य लिहिले जाते, त्यांपैकी काहीही दिनांकावाचून पूर्ण होत नाही. वाक्यरचनेतील चूक वाचक मनातल्या मनात सुधारून घेतो. दिनांक मात्र भलताच समजला गेला, तर तो सुधारण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते. म्हणून प्रस्तुत लेखात व्याकरणशुद्धतेइतकेच असंदिग्धतेलाही महत्त्व दिले आहे.

दिनांकाचे लेखन :

०३/०४/२०१९ हा दिनांक पुण्यात व लंडनमध्ये ३ एप्रिल, तर न्यूयॉर्कमध्ये ४ मार्च असा वाचला जातो. ब्रिटिश पद्धतीत दिवस, महिना, वर्ष असा क्रम असतो. अमेरिकन पद्धतीत महिना प्रथम येतो. आपण ब्रिटिश परंपरेचे अनुयायी असलो, तरी दुसरी पद्धतीही नकळत आपल्या बोलण्यात शिरली आहे. अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याला आपण 'नाईन इलेव्हन' म्हणतो आणि मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला 'ट्वेंटी सिक्स इलेव्हन'. पहिल्यात 'इलेव्हन' हा दिवस आहे, दुसऱ्यात महिना. घटना सर्वज्ञात असल्याने येथे घोटाळा होत नाही. नियुक्तिपत्रातील वा जन्मदाखल्यातील दिनांकाला ही सवलत नसते.

दिवसाचा अंक १२ पेक्षा मोठा असल्यास क्रम आपोआप उलगडतो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकी दिवस व महिना यांचा अंक एकच असलेला एक दिवस वगळता उरलेले अकरा दिवस संदिग्ध राहतात. वर्षाला असे १३२ दिवस होतात, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक.

यावरील सोपा उपाय म्हणजे महिन्याचे नाव अक्षरांत लिहिणे. ब्रिटिश पद्धतीत '३ एप्रिल २०१९' असे स्वल्पविरामाविना लिहितात. अमेरिकन पद्धतीत 'एप्रिल ३, २०१९' असे लिहिताना दिवसानंतर स्वल्पविराम येतो आणि दिनांक वाक्याच्या मध्ये असल्यास तो वर्षानंतरही द्यावा लागतो. हा दुसरा स्वल्पविराम आपल्याकडील शोधनिबंधांत बहुधा गळालेला असतो. बोलताना 'द थर्ड ऑफ एप्रिल' असा उच्चार होत असला, तरी आधुनिक ब्रिटिश लेखनात अंकापुढील क्रमवाचक प्रत्यय सहसा गाळतात.

केवळ अंकच वापरावयाचे असतील, तर १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले 'आयएसओ ८६०१' हे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारावे. त्यात वर्ष, महिना, दिवस असा क्रम असतो : २०१९-०४-०३. संगणकातील फाइलींना अशी नावे दिल्यास त्या कालानुक्रमे लागतात, हा आनुषंगिक लाभ होय. मात्र या मानकाशी परिचित असलेला परदेशी वाचक आपले '२००५-०६' हे शैक्षणिक वर्ष 'जून २००५' असे वाचू शकेल. तेथे '२००५-२००६' असे पूर्ण लिहिणेच इष्ट.

मराठीच्या प्रभावातून येणारे दोषही लक्षणीय आहेत. 'दिनांक ५ जून रोजीचे पत्र' या रचनेतील 'रोजी' इंग्रजीत उतरतो आणि 'डेटेड ऑन' हा प्रयोग जन्मास येतो. 'डेटेड' नंतर 'ऑन' ची आवश्यकता नाही. दिवसासाठी 'ऑन', महिना व वर्ष यांसाठी 'इन', घड्याळातील वेळेसाठी 'ॲट' हा नियम परिचित आहे. तथापि 'इन द मॉर्निंग' ला दिनांक जोडताच 'ऑन द मॉर्निंग ऑफ ५ जून' असा बदल होतो. मराठीत 'सकाळी' आणि '५ जूनला सकाळी' या दोन्ही ठिकाणी 'सकाळी' हेच रूप राहत असल्याने हा भेद आपल्या विद्यार्थ्यांना जाणवत नाही.

वेळेचे लेखन :

'ए.एम.' व 'पी.एम.' या लॅटिन संक्षेपांचा अर्थ अनुक्रमे मध्यान्हपूर्व व मध्यान्होत्तर असा आहे. साहजिकच '१०.३० ए.एम. इन द मॉर्निंग' ही द्विरुक्ती ठरते आणि '१०.३० ए.एम. अवर्स' मध्ये बारा तासांची व चोवीस तासांची पद्धती एकत्र होते. दुपारचे ठीक बारा या दोहोंतही बसत नाहीत. तेथे '१२ नून' लिहावे.

मध्यरात्रीचा प्रश्न अधिक बिकट आहे. 'मिडनाइट, १५ मार्च' म्हणजे १५ तारखेचा आरंभ की अखेर, हे शब्दांवरून कळत नाही. पंचांगातील वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो आणि बोलण्यातही आपण उत्तररात्र आदल्याच दिवसात धरतो. त्यामुळे ००.१० ला सुटणाऱ्या रेल्वेगाडीसाठी चोवीस तास उशिरा फलाटावर पोहोचणारे प्रवासी आढळतात. मुदत कळविताना '११.५९ पी.एम.' लिहिल्यास संशय उरत नाही.

आंतरराष्ट्रीय परिषदांच्या मुदतीपुढे पुष्कळदा 'एनीव्हेअर ऑन अर्थ' असे लिहिलेले असते. ही वेळ यूटीसी या जागतिक वेळेच्या बारा तास मागे आणि भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे. अशा १५ मार्चच्या रात्री ११.५९ ची मुदत आपल्याकडे १६ मार्चच्या सायंकाळी ५.२९ ला संपते. उलटपक्षी, आपण परदेशी अभ्यासकांना वेळ कळविताना केवळ 'आयएसटी' लिहितो. हाच संक्षेप आयर्लंड व इस्राएल येथील प्रमाणवेळांसाठीही वापरतात. तेथे 'इंडियन स्टँडर्ड टाइम' असे पूर्ण लिहून पुढे 'यूटीसी + ५.३०' हा फरक नोंदवावा.