दोष थंडीचा, करणी उन्हाळ्याची

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत बर्फ पडत नाही आणि पडण्याची चिन्हंही नाहीत. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. तोवरच्या नोंदींतला तो नीचांक होता. पाणी गोठायला त्याहून आणखी साडेतीन अंश खाली उतरावं लागतं. शिवाय विदर्भात कडाक्याची थंडी पडते ती आभाळ स्वच्छ आणि हवा कोरडी असताना. ढग आले की रात्रीचा पारा उलट वर चढतो. म्हणजे थंडी असते तेव्हा ढग नसतात आणि ढग असतात तेव्हा थंडी नसते. हिमवर्षावाला मात्र दोन्ही एकाच वेळी लागतात.

तरीही गाडीच्या हिवाळ्याबद्दल बोलायला हवं, याची कारणं दोन. डिसेंबरच्या सकाळी पिपरी, सावंगी, सेवाग्रामकडच्या गाड्याही सेल्फ मारल्यावर नुसत्या कण्हतात. आणि वर्धा जिल्ह्यात जामच्या चौरस्त्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हाच पुढे श्रीनगरपर्यंत जातो. नाताळच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन मनाली किंवा काश्मीर गाठणारी कुटुंबं आता नवलाची राहिलेली नाहीत. निघताना मात्र डिकीत सामानाबरोबर बरेच गैरसमजही असतात.

गैरसमज : शेतं पांढरी झाली होती, म्हणजे विदर्भातही बर्फ पडतो.

वस्तुस्थिती : ती गारपीट. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. गारा तयार होतात उंच वादळी ढगांत. वर जाणारे जोरदार झोत पाण्याचे थेंब गोठणाऱ्या थरात नेतात आणि बर्फाचे थर चढत जातात. त्यासाठी जमीन तापलेली असली तरी चालते, म्हणूनच आपल्याकडे गारा ऐन थंडीपेक्षा थंडी ओसरताना जास्त पडतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दिसते ती पांढरी चादरही हिमवर्षावाची नसते. निरभ्र रात्री जमीन, गवत आणि गाडीचं टप आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त थंड होतात आणि त्यांच्यावर दव गोठतं.

गाडीवाल्यासाठी यातली कामाची गोष्ट विम्याची आहे. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा गारांनी फुटलेल्या काचेचे किंवा पोचे पडलेल्या बोनेटचे पैसे देत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा सर्वसमावेशक विमा लागतो.

गैरसमज : थंडीने बॅटरी मारली.

वस्तुस्थिती : बॅटरी मे महिन्यात मेली, डिसेंबरात फक्त कळलं. वर्ध्याचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातो आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरीत याचा अर्थ शिशाच्या पट्ट्या लवकर गंजणं आणि पाणी उडून जाणं. कमजोर झालेली बॅटरी ऑक्टोबरपर्यंत कसंबसं काम रेटते. थंडीत मात्र इंजिन ऑइल घट्ट होतं, स्टार्टरला जास्त जोर लागतो आणि त्याच वेळी बॅटरीची ताकद थोडी घटते. दहा अंशांच्या पहाटे ही घट किरकोळ असते, धडधाकट बॅटरीला ती जाणवतही नाही.

पिपरीहून वर्ध्याच्या बाजारात जाऊन येण्याइतक्या फेऱ्यांत स्टार्ट करताना खर्चलेला करंट पुरता भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास तरी सलग पळवावी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्यावी. बॅटरीला तीन-चार वर्षं झाली असतील तर ही तपासणी दिवाळीनंतर लगेच केलेली बरी.

गैरसमज : सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून गरम करावी.

वस्तुस्थिती : हा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळातला. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीला चोक ओढून थांबावं लागायचं, कारण गार इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण नीट जमत नसे. आताच्या गाड्यांत सेन्सर तापमान बघून इंधन मोजतात. अर्धा ते एक मिनिट पुरतं, त्यानंतर पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवावं. जागेवर उभं राहून इंजिन फार सावकाश तापतं, इंधन मात्र जळत राहतं. डिझेल गाडीत एक पथ्य आहे : चावी फिरवल्यावर वळ्यावळ्यांचा दिवा दिसतो, तो विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. तेवढ्या वेळात हीटर प्लग तापतात.

गैरसमज : नायट्रोजन भरला की हवा तपासावी लागत नाही.

वस्तुस्थिती : साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. थंडीत दाब उतरतो तो दोन्हींचा आणि जवळपास सारखाच. साधारण साडेपाच अंशांमागे १ पीएसआय असा हिशेब धरावा. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंशांत ३३ पीएसआय भरलेलं टायर डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे २९ च्या आसपास दाखवतं. ते पंक्चर नसतं. पण हवा कमी असताना समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने गेलं, तर टायरच्या बाजू सतत दबतात आणि तापतात. टायर फुटण्याचं ते मोठं कारण. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासावी. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.

पहाडात गणित थोडं बदलतं. मनालीजवळचा अटल बोगदा ३,००० मीटरहून उंचावर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाबच कमी असल्याने मीटरवर टायरचा दाब सुमारे ४ पीएसआय वाढल्यासारखा दिसतो, तर थंडी तो खाली खेचते. घरून अंदाजाने हवा कमी-जास्त करून निघण्यापेक्षा मुक्कामी पोचल्यावर सकाळी मोजावी.

गैरसमज : हिवाळ्यात एसीला हात लावायचा नाही.

वस्तुस्थिती : काचा आतून धूसर होतात त्या प्रवाशांच्या श्वासातल्या ओलाव्याने. एसी हवेतली ओल काढून घेतो. म्हणून एसी चालू, तापमानाचं बटण गरमकडे आणि झोत पुढच्या काचेवर ठेवला की मिनिटाभरात समोरचं दिसू लागतं. फडक्याने काच पुसत गाडी चालवण्यापेक्षा हे सुरक्षित. हीटरसाठी वेगळं इंधन लागत नाही, तो इंजिनची वाया जाणारी उष्णताच वापरतो. आणि आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवला तर कॉम्प्रेसरचे सील कोरडे पडत नाहीत.

गैरसमज : धुक्यात अप्पर आणि चारही इंडिकेटर लावावेत.

वस्तुस्थिती : अप्परचा उजेड धुक्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डिप्पर आणि खाली लावलेले फॉग लॅम्प रस्ता दाखवतात. चारही इंडिकेटर उभ्या, बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीत ते लावले तर तुम्ही वळताय की थांबलाय, हे मागच्याला कळत नाही.

धुक्यात खरा प्रश्न वेगाचा. ८० च्या वेगाने जाताना धोका ओळखून ब्रेक लागेपर्यंतच गाडी ३० मीटरहून पुढे जाते, आणि थांबेपर्यंत एकूण सुमारे ७० मीटर. समोर ५० मीटरच दिसत असेल तर ८० चा वेग म्हणजे आंधळेपणा. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागचा दिवा असेलच, याची खात्री नसते. अशा वेळी ६० देखील जास्तच.

बर्फाकडे निघताना

गैरसमज : रेडिएटरमध्ये पाणी असलं की झालं.

वस्तुस्थिती : पहाडात गाडी कायमची निकामी करणारा गैरसमज हाच. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. इंजिनच्या आतल्या वाटांत ते गोठलं तर रेडिएटर फुटतो, ब्लॉकलाही तडा जाऊ शकतो. गाडीत कूलंट भरलेलं असतं, मग हे होतं कसं? मे महिन्यात पातळी उतरलेली दिसते आणि आपण बोअरचं पाणी ओततो. पुढच्या महिन्यात पुन्हा. डिसेंबरपर्यंत कूलंट नावापुरतं उरतं, वर जड पाण्याचा क्षार साचतो. वर्ध्यात याने काही अडत नाही, मनालीत एका रात्रीत अडतं.

उलट टोकाचा गैरसमजही आहे : कूलंट जितकं दाट, तितकं चांगलं. ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. नुसतं ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा वर असतो, म्हणजे वर्ध्याच्या उन्हाळ्यालाही तेच योग्य. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही निघण्यापूर्वी काढून न गोठणारं वॉशर भरावं.

गैरसमज : डिझेल गोठू नये म्हणून थोडं रॉकेल मिसळावं.

वस्तुस्थिती : डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं, इथवर बरोबर आहे. पण उपाय जुन्या ट्रकांच्या काळातला. रॉकेलला वंगणाचा गुण कमी असल्याने आताच्या उच्च दाबाच्या पंपांची आणि इंजेक्टरची झीज होते, आणि बीएस-सहा गाडीच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेलाही त्रास होतो. ठिकठिकाणच्या हवामानानुसार डिझेल वेगळं असतं. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. विदर्भात भरलेली टाकी पहाडापर्यंत पुरवण्यापेक्षा ती उतरत आणावी, डोंगराच्या पायथ्याशी तिथलं डिझेल भरावं आणि मुक्कामाआधी काही किलोमीटर चालवावं, म्हणजे ते फिल्टरपर्यंत पोचतं.

गैरसमज : फोर बाय फोर असली की बर्फाची चिंता नाही.

वस्तुस्थिती : चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी रुतलेल्या जागेतून निघते, चढ चढते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारच चाकांचे असतात. ४० च्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून ९ मीटरच्या आसपास थांबते, गुळगुळीत बर्फावर तिला साधारण ६० मीटर लागतात. शून्याच्या आसपास, वर पाण्याची पातळ झिलई असलेला बर्फ सर्वांत घातकी. तो वळणाच्या सावलीत डांबरासारखाच काळा दिसतो. तिथे अचानक ब्रेक, अचानक स्टिअरिंग आणि अचानक ॲक्सिलरेटर, तिन्ही टाळावेत. साखळ्या इंजिनचा जोर ज्या चाकांवर जातो त्यांनाच बांधायच्या. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. वेग ३०-४० च्या आत ठेवायचा आणि उघडा डांबरी रस्ता लागला की साखळ्या काढायच्या. वाळूत टायरची हवा कमी करण्याची युक्ती चालते, कडक बर्फाच्या रस्त्यावर ती कामाची नाही.

गैरसमज : अडकलोच तर काचा बंद, हीटर चालू, रात्र निघेल.

वस्तुस्थिती : ७-८ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवर्षावात अडकलेले वीसहून अधिक पर्यटक दगावले. काहींचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धूर गाडीत शिरतो, आणि या वायूला रंग नसतो, वासही नसतो. आधी सायलेन्सर मोकळा करावा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवावं, एक काच बोटभर उघडी ठेवावी. त्यासाठी डिकीत फावडं, ब्लँकेट, पाणी, सुका खाऊ आणि टॉर्च हवा. मुक्कामी गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो गोठून अडकू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. सकाळी काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतू नये, काच तडकते.

पिपरीतल्या हिवाळ्यापुरतं बघायचं तर बॅटरी, टायरची हवा आणि स्वच्छ काच, एवढ्याने काम भागतं. पहाडात जायचं असेल तर निघण्याआधी गॅरेजमध्ये कूलंटचा गोठणबिंदू मोजून घ्यावा. ते काही मिनिटांचं काम आहे. पण बॅटरी झिजते आणि कूलंट पातळ होतं ते उन्हाळ्यात, तेव्हा तयारीही तिथूनच हवी. एप्रिलपासून गाडी शक्यतो सावलीत लावावी आणि पातळी उतरली तर बोअरच्या पाण्याऐवजी तयार मिश्रण घालावं. एवढं सांभाळलं तर डिसेंबरात धक्का मारायला शेजाऱ्यांना हाक द्यावी लागण्याचा प्रसंग बहुधा येत नाही.