सहलीला न आलेला मुलगा

डिसेंबर आला की मुलांच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते. 'सहलीसाठी अमुक रुपये अमुक तारखेपर्यंत भरावेत.' परवा नातवाने अशीच चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. शिक्षिका म्हणून मी स्वतः कितीतरी वर्षे अशा चिठ्ठ्या काढल्या. पण ही वाचताना २००३ सालची आमची विजापूरची सहल आठवली आणि चहा तसाच गार झाला.

माझे माहेर धारवाडकडचे, सासर शहापूरचे. माहेरी कन्नड, सासरी मराठी. नोकरीही अशाच शाळेत केली, जिथे एका आवारात मराठी आणि कन्नड असे दोन्ही वर्ग भरत. मराठी मुले मला 'बाई' म्हणत, कन्नड मुले 'टीचर'. सहल मात्र दोघांची एकच निघे.

त्या वर्षी पहाटे चारला बस सुटली. विजापूरला आम्ही गोलघुमट पाहिला. १६५६ साली पुरी झालेली ही महंमद आदिलशहाची कबर, आणि घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर! आत एकही खांब नाही. वरच्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजले, तर समोरच्या बाजूला ऐकू येते. मुलांनी तर ओरडून ओरडून घसे बसवले. मलिक-ए-मैदान तोफ पाहिली, इब्राहिम रोजा पाहिला. सगळे सुखरूप परतलो. मी खुशीत होते.

दोन दिवसांनी एका मुलाच्या घरी गेले. तो सहावीतला. आजोळी लग्न आहे म्हणून सहलीला आला नव्हता. घर वडगावच्या विणकर वस्तीत. पाहते तर लग्न वगैरे काही नव्हते. पोरगा कांड्या भरत बसला होता. मला पाहून उठला आणि आधी एवढेच विचारले, "बाई, तिथं आवाज खरंच सात वेळा येतो?"

मी 'हो' म्हटले. पुढे बोलवेना. सहलीची वर्गणी मी भर वर्गात, नावे पुकारून गोळा केली होती. ज्याचे पैसे आले नाहीत त्याला तीन दिवस रोज उभे केले होते. त्यात मला तेव्हा काही वावगे वाटले नव्हते. त्याने लग्नाचे निमित्त का सांगितले, ते त्या दिवशी कळले.

पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापकांना म्हटले, यंदा लांब जायचे नाही. आपलेच गाव दाखवू. ते हसले. "बेळगावच्या मुलांना बेळगाव काय दाखवणार?" पण त्यांनी परवानगी दिली.

मंडळी, खरे सांगते, गाव दाखवायचे म्हणून मीच ते पहिल्यांदा नीट पाहिले. आधी एका रविवारी सगळी वाट स्वतः चालले. पाणी कुठे, सावली कुठे, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे, रस्ता कुठे ओलांडायचा, हे वहीत टिपले. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे आहे, म्हणून कुठे जाता येईल आणि कुठे नाही, हे अगोदर विचारून ठेवले. दिवसाला तीनच ठिकाणे ठरवली. चौथे घेतले की मुले पाहत नाहीत, नुसती चालतात.

पहिले ठिकाण कमल बस्ती. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचीराज याने १२०४ साली बांधलेली. मंडपाच्या छताला दगडाचे कमळ लटकते, त्यावरून हे नाव. पाकळ्या ७२, गतकाळच्या, चालू आणि येणाऱ्या काळाच्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या. मी आकडा सांगितला नाही, मोजायला लावले. कुणाच्या ६८ आल्या, कुणाच्या ७५. पुन्हा मोजल्या. त्या मोजणीत अर्धा तास गेला, पण ते कमळ त्यातला एकही मुलगा विसरला नसेल. या बस्तीची माहिती देणारे कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "मग आपण त्यांना पत्र लिहूया की!"

दुसरे ठिकाण रिसालदार गल्ली. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावला आले, तेव्हा भाटे वकिलांच्या घरी उतरले होते. पुढचा मुक्काम वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे, किल्ल्यात झाला. बंगाली संन्यासी, मराठी वकिलाचे घर आणि भोवती कन्नड मुलूख. आमच्या मुलांना यात नवल वाटले नाही, कारण त्यांची स्वतःची घरे अशीच आहेत.

तिसरे ठिकाण टिळकवाडी. तिथवर सिटी बस केली. १९२४ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळी धडपड केली. पाण्यासाठी विहीर खोदली, ती आजही आहे. त्या अधिवेशनात गंगूबाई हनगल गायल्या. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. "म्हणजे आपल्या एवढ्याच!" असे सहावी-सातवीची मुले एकदम ओरडली, मराठीत आणि कन्नडमध्येही.

वडगावचा तो मुलगा त्या दिवशी गटनायक होता. घरी कन्नड, शाळेत मराठी, त्यामुळे दोन्हीकडच्या मुलांना तोच समजावून सांगे. माझे बोलणे त्याने मधेच थांबवले, "बाई, हळू सांगा, मला तिकडं सांगायला वेळ लागतो." दुपारी विहिरीजवळ सावलीत डबे उघडले. चपाती-शेंगाचटणी, चित्रान्न, दशमी, सगळे एकमेकांत वाटले. दिवसभराचा खर्च तो काय, बसचे तिकीट आणि सगळ्यांना कुंद्याचा एकेक तुकडा. त्या वर्षी एकही मूल घरी राहिले नाही.

तेव्हापासून काही गोष्टी मी कधी सोडल्या नाहीत. तरुण शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडतील म्हणून सांगते.

वर्गणी बंद पाकिटात घ्यावी. प्रत्येकाने पाकीट द्यायचे, आत काही असो वा नसो. कमी पडेल ते मोठ्यांनी भरावे, नावे बाहेर पडू देऊ नयेत. पालकांची चिठ्ठी दोन्ही भाषांत काढावी. कितीतरी घरांत आईला एक लिपी येते, बापाला दुसरी. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. दहाच्या गटात दोन्ही माध्यमांची मुले मिसळावीत, नाहीतर ती दिवसभर आपापल्या घोळक्यात राहतात. बसमध्ये चढताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा मोजणी करावी. 'सगळे आले का?' असे विचारू नये, कारण जो आलेला नाही तो उत्तर देत नाही. औषधाच्या पेटीत ओआरएसची पाकिटे आणि पट्ट्या ठेवाव्यात, आणि कुणाला कसला आजार आहे हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. वही मात्र परतीनंतरच उघडू द्यावी. जागेवर लिहायला लावले की मुले फलक उतरवून घेतात आणि वास्तू पाहायची राहते.

लांबची सहल काढूच नये, असे मी म्हणत नाही. गोलघुमट पाहायलाच हवा. पण एक वर्ष गावातली, एक वर्ष लांबची असे केले आणि वर्गणीसाठी दोन वर्षे थोडे थोडे साठवू दिले, तर पुष्कळ मुले येऊ शकतात. आम्ही पुढे तसेच केले.

तो मुलगा मात्र सातवीनंतर मागावर बसला. आमची विजापूरची पुढची सहल निघाली, तेव्हा तो शाळेत नव्हता. त्याला सज्जात उभे करून 'आता ओरड' म्हणायचे माझे राहूनच गेले.

नातवाची चिठ्ठी सुनेने सही करून परत दिली. मी त्याला जवळ बोलावले आणि विचारले, "तुमच्या वर्गातले कोण कोण येणार नाही रे?" त्याने दोन नावे सांगितली. एक म्हणे मामाच्या गावी जाणार आहे.

पालकहो, तुमच्या घरी चिठ्ठी आली की एवढे जरूर विचारा.