भोगवटादार वर्ग 2 चे यंत्र

वर्धा जिल्ह्यात जमिनीचा व्यवहार करणारा शहाणा माणूस इसारा देण्यापूर्वी सातबारा उलगडून पाहतो आणि त्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ ही अक्षरे दिसली की हात आखडता घेतो. कारण कब्जा, वहिवाट आणि पीक ही सारी समोरच्याची असली, तरी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्या जमिनीचे हस्तांतर होत नाही, हे त्याला वाडवडिलांपासून ठाऊक असते. भूदानाची जमीन तर याहूनही कडक शर्तीची. पवनारच्या विनोबांनी 1951 साली आरंभिलेल्या त्या चळवळीत मिळालेली जमीन, वर्धा तेव्हा ज्या राज्यात होते त्या मध्यप्रदेशाच्या 1953 च्या भूदान यज्ञ अधिनियमान्वये, कसता येते आणि वारसांकडे जाते. विकता मात्र येत नाही. मालकीचे असे तुकडे पडतात हे जमिनीच्या बाबतीत आपल्या अंगवळणी पडलेले आहे, परंतु टेबलावरच्या पत्र्याच्या पेटीलाही तोच न्याय लागू असेल अशी शंका आपणांस येत नाही.

समजा, जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने जडसंग्रह नोंदवहीतील जुने राउटर, स्विच आणि एक फायरवॉल यथाविधी निर्लेखित करून लिलावात काढली, आणि हिंगणघाटच्या एखाद्या संगणक-दुकानदाराने बोली जिंकून पावतीसह तो माल घरी आणला. यंत्राला वीज दिली, दिवे लागले, पंखा फिरला. पण ते जुन्याच मालकाचे खाते मागू लागले! दुकानदाराने पेटी घेतली होती; पेटीत वसणारा प्रोग्राम वापरण्याची इजाजत त्या पावतीत कोठेच नव्हती.

येथे सर्व कंपन्यांची रीत एक नाही, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. सिस्कोचे सर्वसाधारण धोरण असे की, यंत्र विकता येते, परंतु त्यातील सॉफ्टवेअरचा परवाना आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. कंपनीची सेवा व नव्या आवृत्त्या हव्या असतील, तर तपासणी आणि नव्या परवान्याचे शुल्क यांना सामोरे जावे लागते. तिच्याच मेराकी यंत्रांची तऱ्हा अधिक कठोर: त्यांचा कारभार कंपनीच्या दूरस्थ संगणकावरून चालतो, आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून यंत्र मोकळे केल्याशिवाय ते दुसऱ्याच्या खात्यात नोंदवता येत नाही, आणि चालू परवाना नसेल तर सुस्थितीतले यंत्रही काम करीत नाही. उलट, आपल्याकडच्या केबलवाल्यांच्या आणि लहान इंटरनेट-पुरवठादारांच्या परिचयाच्या मायक्रोटिकचा परवाना यंत्रालाच जखडलेला असतो आणि यंत्राबरोबर नव्या धन्याकडे जातो. कुळासह शेत विकावे, तसा हा प्रकार.

कायदा काय म्हणतो? 1957 च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाच्या कलम 14 मध्ये 1994 साली असे शब्द घातले गेले होते की, प्रोग्रामची प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, ती विकण्याचा हक्क कर्त्याचाच; 1999 च्या दुरुस्तीने ते शब्द गाळले. या गाळण्याचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2 मार्च 2021 च्या निकालात ओळखले. न्या. नरिमन, न्या. हेमंत गुप्ता आणि आपल्या शेजारच्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या त्या पीठापुढे जे चार प्रकारचे व्यवहार होते, त्यांत यंत्रातच बसवून विकलेले सॉफ्टवेअर हाही एक होता. मात्र तो वाद प्राप्तिकराचा होता, जुन्या मालाचा नव्हे; आणि प्रतिलिप्यधिकार आड आला नाही तरी खरेदीच्या वेळी मान्य केलेला करारनामा उरतोच. युरोपीय न्यायालयाने मात्र 3 जुलै 2012 रोजी, ओरॅकल कंपनीच्या प्रकरणात, कायमच्या वापरासाठी एकरकमी पैसे घेऊन दिलेली प्रत पुढे विकण्यास कंपनी मनाई करू शकत नाही, असा स्पष्ट कौल दिला. अट एवढीच की, विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी करावी. हा कौल मला न्यायाचा वाटतो. दाम पुरते मोजून घेतलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हात जन्मभर राहावा, हे सावकारीचे लक्षण आहे.

या कचाट्यातून सुटण्याची एक वाट मुक्त सॉफ्टवेअरची आहे. लिंकसिसच्या एका घरगुती राउटरची संहिता 2003 साली खुली करावी लागली आणि तिच्या आधारे 2004 पासून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही प्रणाली वाढली. ती ज्या यंत्रांवर बसते, ती यंत्रे कितीही हात बदलली तरी कोणाची परवानगी लागत नाही. मात्र प्रत्येक यंत्रावर ती बसत नाही, आणि महागड्या फायरवॉलवर तर क्वचितच.

तोवर लिलावाची सूचना काढणाऱ्या लेखनिकांना एक विनंती: मालाच्या यादीत वजन आणि नग यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा, त्यात परवाना कोणाच्या नावे आहे, त्याची मुदत कधी संपते आणि यंत्र जुन्या खात्यातून मोकळे केले आहे काय, हे लिहावे, आणि यंत्रात राहिलेले जुने पासवर्ड पुसल्यावरच माल दाराबाहेर सोडावा.